अण्णांच्या कारवानीचं काळीज

अण्णा, सासऱ्याबद्दल असं काही लिहिणारी सून आपल्या भावकीत मीच पहिली असणार. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "लिही बाई. जित्तेपनी तोंडावर भांडलीस, आता कागदावर भांड." मी हसले, त्याही हसल्या. मग त्यांनी तोंडाला पदर लावला आणि मी उगीच पाणी प्यायला उठले.

तुमचा जन्म कधीचा, शेती किती, मागं कोण कोण, हे सगळं पेपरात फोटोखाली छापून आलंय. फोटो फेट्यातला आहे, तुमच्या धाकट्या लेकाच्या, विजयच्या, म्हणजे माझ्याच लग्नातला. चांगला आहे. पण तुम्हाला तो आवडला नसता. शेजारी कुत्रं नाही ना!

मला बोलायचंय ते त्या कुत्र्यांबद्दलच. आपल्यात भांडायला दुसरं होतं तरी काय? स्वयंपाकावरून तुम्ही कधी बोलला नाहीत, पदरावरून बोलला नाहीत, माझ्या नोकरीवरून तर नाहीच.

लग्न होऊन मी अहमदपूरजवळच्या तुमच्या गावी आले तेव्हा हातातला हिरवा चुडाही अजून टोचत होता. अंगणात तेजी पसरली होती. तुमची कारवानी, आपल्या भागातली ती शिकारीची जात. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, पाय हे एवढे. मी नांदेडात वाढलेली, गावाकडची असली कुत्री बसच्या खिडकीतूनच पाहिलेली. जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात आमच्या वाट्याला आले ते डॉबरमन, लॅब्राडोर आणि पामेरियन. मला राहवलं नाही. नव्या साडीचा बोंगा सावरत मी खाली बसले आणि तिच्या बरगडीला सरळ कान लावला. पाहुण्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. तुम्ही ओसरीवरून ओरडलात, "अगं, सून आली का कंपौंडर?"

"डॉक्टर, अण्णा."

"मंग काय म्हनून राहिलं तिचं काळीज?"

"झकास म्हणतंय," मी सांगितलं. तेव्हा ते खरंच झकास होतं.

त्या दिवसापासून मी तुमची 'डाक्टरीन' झाले. गावात कुणाची म्हैस अडली, कुणाची शेळी फुगली, की तुम्ही माझा शनिवार-रविवार परस्पर वाटून टाकायचे. "फिकीर करू नको, आमची डाक्टरीन येनार हाय." मी कुरकुरायचे. पण खरं सांगते अण्णा, सून कोपरापर्यंत हात म्हशीच्या पोटात घालून उभी आणि सासरा गरम पाण्याची बादली धरून शेजारी, असलं चित्र आपल्या गावानं पाहिलं ते तुमच्यामुळं. लोक हसले तर तुम्ही त्यांनाच झापायचे. आभार मी कधी मानले नाहीत. सासऱ्याला 'थँक्यू' कसं म्हणतात, सांगा बरं?

तुमच्या कुत्र्यांची रीत मला हळूहळू कळत गेली. पिल्लू विकायचं नाही, शब्दावर द्यायचं. ज्याला दिलं त्याच्या घरी ते कुंकवाचं बोट लावून पोचवायचं. पुढं कधी तुम्ही मागाल तेव्हा त्यानं आपल्या घरचं एक पिल्लू तसंच आणून द्यायचं. ना चिठ्ठी ना चपाटी. तेजीची पिल्लं अशीच गेली. एक औशाला वन्संकडं, तुमच्या लेकीच्या घरी. एक अहमदपूरच्या आडत दुकानावर. आणि हिरा लोह्याला, बापूरावकाकांकडं. काका म्हणजे तुमचे माळेगावच्या यात्रेतले दोस्त. एका कुत्र्यावरून तुम्ही दोघं आधी हमरीतुमरीवर आलात आणि मग जन्मभर एकमेकांचे झालात. स्वतःसाठी तुम्ही एकच पिल्लू ठेवलं, ते चंद्री. हिरा देतानाच तुम्ही काकांना सांगून बसला होता, "चंद्री व्याली की पहिली मादी तुझी."

"लेक दिल्यासारखं असतंय ते," तुम्ही म्हणायचे. "दिलेलं खोटं निघालं तर मानसाला तोंड दाखवता येत न्हाई." मी ऐकायचे आणि हसण्यावारी न्यायचे. कुत्र्याच्या पिल्लावरून कसली आलीय इज्जत, असं वाटायचं मला.

तेजी पडली ती ऐन थंडीत. सकाळी माधवदादा, तुमचे थोरले, मोटारसायकल चालवत होते. मागं तुम्ही उलटं तोंड करून बसलेले, आणि तुमच्यामागं धावत तेजी आणि चंद्री. शिकार कधीच बंद झाली, पण पाय मोकळे व्हायला पाहिजेत म्हणून तुम्ही त्यांना असं पळवायचे. पळता पळता तेजी कोलमडली. मेल्यासारखी पडली आणि जराशानं उठून अंग झाडून शेपूट हलवायला लागली. तुम्ही तिच्या नाकाला कांदा लावला आणि मला फोन केलात. "काही न्हाई, ऊन लागलं."

"अण्णा, जानेवारीत कसलं ऊन?"

"आमच्याकडं असतंय," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवून दिला.

पुढं काही महिन्यांत ती तशीच पळताना पडली आणि या खेपेला उठली नाही. तिला शेतात पुरून आल्यावर तुम्ही जेवायला उठला नाहीत, हे मला आत्याबाईंनी सांगितलं. तुम्ही कशाला सांगाल!

तेव्हा मी नोकरी करते त्या कॉलेजात आमचं संशोधन चालू होतं. पाळीव कुत्र्यांच्या हृदयाचा एक आजार असतो, आईबापांकडून पिल्लांत उतरणारा. हृदयाचा स्नायू पातळ होत जातो, कप्पा फुगत जातो, ठोके चुकायला लागतात. कुत्रं वरून ठणठणीत दिसतं, खातं, भुंकतं, आणि एक दिवस पळता पळता पडतं. म्हणून आजार दिसायच्या आधीच शोधायचा. छातीची सोनोग्राफी करायची, ईसीजी काढायचा, रक्ताचा नमुना ठेवायचा, आणि ज्याच्यात सापडला त्याची पिल्लं होऊ द्यायची नाहीत. सगळं काम डॉबरमनवर चाललं होतं. तेजीचं ऐकल्यावर मी सरांना म्हटलं, मला एक कारवानी तपासायची आहे. सर म्हणाले, आण की. सरांना काय माहीत! कारवानी आणणं सोपं होतं, तिचा मालक आणणं अवघड.

"कुत्र्याचा ईसीजी!" तुम्ही किती दिवस हसत होता. पारावर ज्याला त्याला सांगत होता, "लातूरला मानसाचा नंबर लागंना, अन् आमची डाक्टरीन कुत्र्याचा काढून राहिली." मग एकदा चंद्री बांधावर पळता पळता मधेच उभी राहिली. पडली नाही, नुसती उभी राहिली. त्या रविवारी तुम्ही माझ्याकडं न बघता विचारलंत, "तुझ्या त्या मशिनीचा वार कोनचा असतंय?"

एसटीत चंद्रीला घेईनात. तुम्ही कंडक्टरला म्हणालात म्हणे, "हिचंबी तिकीट फाड, खिडकीची जागा दे." शेवटी टोमॅटोच्या टेम्पोतून आलात. इस्त्रीचं धोतर, नवी टोपी, सोयरीक जमवायला निघाल्यासारखे. कॉलेजच्या दवाखान्याच्या बाकावर डॉबरमनवाले बसले होते. एक बाई आपल्या कुत्र्याला सारखं "सिट, सिट" म्हणत होत्या. तुम्ही थोडा वेळ बघितलं आणि त्यांना विचारलं, "मराठी येत न्हाई का ह्याला?" मी तोंड फिरवून हसले. त्या बाईही हसल्या, म्हणून वाचलो.

खोलीचे पडदे ओढले, चंद्रीला कुशीवर निजवलं. तिचे पुढचे पाय तुम्ही धरले होते आणि तिच्या कानात काहीबाही बोलत होता, लेकराला सुई टोचताना बोलतात तसं. मी बरगडीवरचे केस काढले, जेल लावलं, आणि मशीनच्या पडद्यावर ते दिसायला लागलं. उघडतंय, मिटतंय. तुम्ही चंद्रीच्या कानाजवळून मान वर केलीत.

"हे तिचंच हाय?"

"हाव, अण्णा."

"आत्ताचं?"

"आत्ताचं."

तुम्ही एका हातानं टोपी काढून मांडीवर ठेवली. का काढलीत, मी विचारलं नाही. इतकी वर्षं कुत्री सांभाळलेला माणूस पहिल्यांदाच त्यांचं काळीज डोळ्यांनी बघत होता. तो तुमचा चेहरा मला आत्ताही दिसतो अण्णा. आपलं कितीही वाजलं असलं तरी तो आठवला की माझा राग जातो.

मग मी मापं घेतली, आणि जे दिसायला नको होतं ते दिसलं.

दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली उभं राहून तुम्हाला सांगितलं. डावा कप्पा फुगलाय, भिंत पातळ झालीय, ठोके मधेच चुकतात. गोळ्या चालू ठेवल्या तर नीट जगेल. पण तिला पळवायचं नाही, आणि पिल्लं तर होऊच द्यायची नाहीत. गाभण राहिली तर तिला झेपायचं नाही, आणि पिल्लांतही आजार उतरेल.

तुम्ही म्हणालात, "पळनाऱ्या कुत्र्याचं काळीज मोठंच असतंय."

त्यात तुमचं अर्धं खरं होतं. पळण्यासाठीच घडलेल्या जातींचं हृदय इतरांपेक्षा मोठं असतंच. डॉबरमनचं माप कारवानीला लावून चालत नाही. म्हणून तर मला धडधाकट कारवानी कुत्री भरपूर बघायची होती. जातीनं मोठं किती आणि आजारानं मोठं किती, ते त्याशिवाय कसं ठरणार? पण चंद्रीचं हृदय नुसतं मोठं नव्हतं, ते जोरानं आकसतच नव्हतं. ते कुठल्याच जातीत चांगलं नसतं. मी हे सगळं समजावत होते आणि तुमचं लक्ष भलतीकडंच होतं.

"बापूला जबान दिलीय म्या."

"त्यांना सांगा ना, अडचण आहे."

"अन् हिरा? त्यो तेजीचाच हाय. औशाचं? आडतीवरचं? सगळ्यायला सांगत फिरू का, तुमाला दिलं ते खोटं होतं म्हनून?"

"खोटं नाही, अण्णा. काहींत उतरतो, काहींत नाही उतरत. तपासलं की कळेल. सगळी आणा माझ्याकडं."

"तुझ्या मशिनीला जबान काय ते कळतंय का गं?"

"आणि तुमच्या जबानीपायी ती मेली तर?"

माझा आवाज चढला होता. तुम्ही चंद्रीची दोरी उचललीत आणि चालू पडलात. मी दोघांचा डबा आणला होता, वांग्याची भाजी आणि भाकरी. तो तसाच राहिला. मी तरी एकटी कशी खाणार?

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता असं नाही, पण आत्याबाईंमार्फत. मी समोर बसलेली असताना म्हणायचे, "तिला म्हनावं, च्या ठेव." मीही काही कमी नाही. "आत्याबाई, अण्णांना विचारा, साखर किती?" त्या वैतागायच्या. "मला काय टेलिफोन करून ठिवलंय का दोघांनी!" पण चंद्रीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं माझ्याकडं न चुकता यायची. विजयच्या हातून, रबर लावून, काही निरोप न देता. ती गूळ चाटायची आणि गोळी थुंकायची, म्हणून तुम्ही तिचं तोंड मिटून धरून गळा चोळत बसायचे, हे मला विजय सांगायचा. माझं औषध तुम्ही मानलं होतं. पण शब्दाचं काय केलं, ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. तिकडं दादा तर चांगल्या नराची चौकशी करून राहिले होते. गावी आले की मी पायसुद्धा न धुता आधी चंद्रीचं पोट चाचपायचे.

त्याच दिवसांत दवाखान्यात कारवानी कुत्री यायला लागली. औशाहून वन्सं त्यांचं घेऊन आल्या, मग आडतीवरचं आलं, मग त्यांच्या गावचे, शेजारपाजारचे. सर खूश. मी तर हवेत. पोस्टर मी केलं होतं ना, 'आपल्या कुत्र्याचं हृदय तपासून घ्या', खाली हसऱ्या कुत्र्याचं चित्र. गावोगावच्या ग्रुपवर टाकलं होतं. एकदा चहा पिताना मी तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात विजयला म्हटलं, "बघ, लोकांना कळतंय. आमच्या पोस्टरनं काम केलं." तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "हं." एवढंच. फक्त लोह्याचा हिरा तेवढा आला नाही. तुमच्या मैत्रीपुढं पोस्टर काय करणार, असं मी मनाशी म्हटलं.

लातूरच्या दवाखान्यात तुम्ही शेवटी होता तेव्हा दुपारची पाळी माझी असायची. छातीत न्यूमोनिया, नाकाला नळ्या. स्टेथोस्कोप माझ्या पिशवीत असतोच. सवयीनं तो काढला आणि तुमच्या छातीला लावला. तुम्ही डोळे उघडलेत. कितीतरी महिन्यांनी सरळ माझ्याशी बोललात.

"कसं हाय?"

"काळीज एक नंबर आहे, अण्णा. फुफ्फुसं दमलीत जरा."

"मशिनीत न घालता सांगून राहिली का?"

तुम्ही हसलात आणि तुम्हाला ठसका लागला. मग विचारलंत, "चंद्रीनं खाल्लं का?" मी म्हटलं, "खाल्लं." तेव्हा मला म्हणायचं होतं, अण्णा, मी तुमच्या शब्दाच्या वाईटावर नाही हो, मला फक्त ती जगायला हवीय. तुम्ही रागावलेलेच जाऊ नका. जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आल्या आणि राहिलं. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्यासारखे नव्हता.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर होतो. पिंड ठेवला. बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढायला लागलं. महाराज म्हणाले, "काही इच्छा राहिली असंल, आठवा." मग आपल्याकडं होतं तसं सुरू झालं. दादा हात जोडून म्हणाले, "अण्णा, आईला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. विजय म्हणाला, "विहिरीचं काम पुरं करू." नाही. वन्सं म्हणाल्या, "नातीचं लग्न तुमी म्हनला तसंच करू." नाही. महाराज दर्भाचा कावळा करायची भाषा बोलायला लागले. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अन्नाचा जीव कुत्र्यात हाय." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि मी दादांकडं बघितलं.

दादा पुढं झाले. "अण्णा, बापूरावकाकाला दिलेली जबान राहिली ना तुमची? पाळू आमी. चंद्रीला नर लावू, पहिली मादी लोह्याला..."

"नाही," मी म्हटलं.

नदीवर, सासऱ्याच्या पिंडासमोर, धाकटी सून! बायांनी माना वळवल्या. पण अण्णा, पिंडासमोर दिलेला शब्द पुढं कोण मोडणार होतं? तो एकदा दादांच्या तोंडातून पुरा निघाला असता, तर चंद्री गेलीच होती. "नाही, दादा," मी पुन्हा म्हटलं. "ती मरेल. दुसरं काहीही म्हणा, हे म्हणू नका."

दादा लालबुंद झाले. "बापाच्या जिवापरीस कुत्री मोठी झाली का?" विजयनं माझं मनगट धरलं. गप्प बसवायला धरलं की धीर द्यायला, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.

तेव्हा माणसांतून बापूरावकाका पुढं आले. मी म्हटलं, संपलं. आता हे आपला हक्क मागणार.

"माधवा, थांब," काका म्हणाले. "ती बराबर बोलून राहिली. ती जबान आता हायेच कुटं? अन्नानं ती परत घेतलीय."

दादांचे जोडलेले हात खाली आले.

"उन्हाळ्यात आला हुता माझ्याकडं. एष्टीनं, भर दुपारचा. म्हनला, बापू, जबान परत घ्यायला आलोय. म्या म्हनलं, खुळा झाला का? तर म्हनला, चंद्रीच्या काळजात खोट हाय. हिऱ्यातबी असंल. म्या दिलंय, तवा म्याच सांगायला पाहिजे. सुनेकडं नेऊन दाखव. म्या लई वंगाळ बोललो त्याला, चार मानसांत. म्हनलं, जलमभर जबानीचा पक्का म्हनून मिरवला, अन् आता सुनेच्या सांगन्यावर चालून राहिला? त्यो म्हनला, हाव, चालून राहिलो. ती खरं सांगती."

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पानी न पिता उठला. तवापासून फोन न्हाई, गाठ न्हाई. दवाखान्यात हाय म्हनून कळलं, तरी म्या आलो न्हाई. त्याचा जीव अडकला असंल तर कुत्र्यात न्हाई, माझ्यापाशी अडकलाय." मग ते पिंडाकडं वळले आणि तुम्ही समोर बसला असल्यासारखे बोलले. "अन्ना, चुकलं माझं. हिऱ्याला घेऊन जातो तुझ्या सुनेकडं."

कावळा त्यानंतर शिवला. दादा म्हणतात, काकांचं बोलणं संपलं आणि उतरला. महाराज म्हणतात, माणसं मागं सरकली म्हणून उतरला. मी बघितलंच नाही. मी काकांकडं बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

घरी आल्यावर वन्संना धरलं. त्या म्हणाल्या, "मंग तुला काय वाटलं, पोस्टर बघून आले म्या? अण्णा आले होते औशाला. आडतीवर गेले, सगळीकडं गेले. जिथं जिथं पिल्लू दिलं तिथं गेले. मला शपथ घातली होती, घरी कुनाला म्हनू नको, डाक्टरीनीला तर न्हाईच म्हनून." म्हणजे मी पोस्टरच्या बढाया मारत होते, आणि बशीतला चहा फुंकणाऱ्या माणसानं ती सगळी कुत्री पाठवलेली होती!

अण्णा, आता मला तुमच्यावर रागावू द्या. एवढं सगळं केलंत, तर मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? 'ती खरं सांगती' हे तुम्ही लोह्याला जाऊन सांगितलंत, चार माणसांत अपमान करून घेऊन सांगितलंत, आणि मी घरात आत्याबाईंच्या टेलिफोनवर बसलेली! मला कळलं असतं तर मी तुमच्याबरोबर लोह्याला आले असते. काकांना नीट समजावलं असतं. तुमची दोस्ती तरी राहिली असती. दारोदार जाऊन 'मी दिलेल्यात खोट असेल' म्हणणं तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला आता कळतंय. इतकं माझ्यासाठी आजवर कुणीच केलेलं नाही, माझ्या स्वतःच्या वडिलांनीही नाही. आणि मी तुम्हाला चहात साखर किती, हेसुद्धा सरळ विचारत नव्हते.

चंद्रीला मी माझ्याकडं आणलंय. आत्याबाई म्हणाल्या, घेऊन जा, इथं ती दाराकडंच बघत बसते. गोळी देताना मला अजून तुमच्यासारखं जमत नाही, अर्ध्या वेळा ती थुंकतेच. दादा त्या दिवसानंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. परवा त्यांचा फोन आला, "चंद्रीला गूळ कोनता देऊन राहिली? गावचा पाठवू का?" घराणंच तसं आहे तुमचं.

काकांनी सांगितलेलं केलं. सुतक फिटल्यावर हिऱ्याला जीपमध्ये घालून आले. तेजीचाच लेक, तोंडावरून ओळखावा. सोनोग्राफीच्या वेळी त्याचे पाय काकांनी धरले. तुम्ही पाठवलेल्या त्या सगळ्या कुत्र्यांमुळं आता आमच्याकडं धडधाकट कारवानीची मापं आहेत. हिऱ्याचं हृदय त्यांत नीट बसलं. मोठं आहे, पण भिंत जाड, आकसणं जोरदार. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून ठोके टिपणारा पट्टा छातीला बांधून त्याला दिवसभर ठेवून घेतला. काका लोह्याला परत गेले नाहीत. आमच्याकडंच राहिले आणि त्या पट्ट्याकडं बघत बसले. जेवा म्हटलं तर म्हणाले, "ह्याचं कळू दे आधी."

दुसऱ्या दिवशी सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं, सरांना दाखवलं आणि बाहेर आले. काका बाकावरून उठूनच उभे राहिले.

"चांगला आहे, काका. ठोके ठीक आहेत, हृदय ठीक आहे. पुढं कधी निघणार नाही असं मी म्हणत नाही. दर वर्षी आणायचा. पण आज त्याच्यात काही नाही."

काका परत खाली बसले. हिऱ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मी शेजारी टेकले. ते म्हणाले, "त्याला कळायला पाहिजे हुतं गं हे. आता कोन सांगंल त्याला?"

"मी सांगते," मी म्हटलं.

अण्णा, हिरा चांगला आहे. तुम्ही दिलेलं पिल्लू चांगलं निघालं.